पावसाळ्यात कापडाला बुरशी : बंद खोलीला वारा केव्हा द्यावा, केव्हा देऊ नये

मिरगाचा पाऊस लागला की हुपरी-इचलकरंजी पट्ट्यातल्या कापड दुकानदाराच्या मागे एक काळजी लागते. बकरी ईद सध्या मे-जूनच्या सुमारास येते, लग्नसराईही त्याच वेळी संपते. त्यानंतर जो माल उरतो तो गणपती, दसरा, दिवाळीपर्यंत फळीवर आणि माळ्यावर पडून राहतो. नेमक्या याच तीन-चार महिन्यांत पांढऱ्या लठ्ठ्यावर काळसर-हिरवट ठिपके उठतात, अस्तराच्या ताग्याला कुबट वास येतो आणि जानमाजच्या मखमलीवर राखेसारखा बुरा दिसू लागतो. गिऱ्हाईक तागा नाकाला लावते, काही न बोलता खाली ठेवते आणि पुढच्या दुकानात जाते. ठोकवाला तो माल परत घेत नाही, कारण त्याच्याकडून निघताना माल चांगला होता. आपल्यासारख्या लहान व्यापाऱ्याचे भांडवल बँकेत नसते, ते फळीवरच असते. म्हणून हा विषय जरा खोलात जाऊन समजून घेतला पाहिजे.

बाजारात या बाबतीत दोन मते ऐकू येतात. एक म्हणतो, पावसाळ्यात सगळे गच्च बंद ठेवा, दमट हवा आत येऊ देऊ नका. दुसरा म्हणतो, दारे-खिडक्या सताड उघडा, वारा खेळू द्या. दोघांचेही अर्धे बरोबर आहे. खरा प्रश्न उघडायचे की नाही हा नसून केव्हा उघडायचे हा आहे.

बुरशीला काय लागते?

बुरशीचे बीज हवेत सगळीकडे आहे. ते दुकानात येऊ नये म्हणून काही करता येत नाही. त्याला उगवायला तीन गोष्टी लागतात : खाणे, ऊब आणि ओलावा. ऊब आपल्याकडे पावसाळ्यातही २५ अंशांच्या आसपास असते आणि तेवढी तिला पुरते. खाणे म्हणजे खुद्द सूत, आणि सुताहून जास्त त्याला लावलेली खळ. पिठाची खळ भरपूर असलेले ग्रे कापड सर्वांत आधी धरते, धुऊन खळ काढलेले त्यामानाने उशिरा. पॉलिस्टरचा धागा बुरशी खात नाही, पण त्यावर बसलेली धूळ, तेल आणि फिनिशिंगचा लेप खाते. म्हणून टेरिकॉटवरही डाग दिसतात.

उरला ओलावा. हवेची आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी सहसा उगवत नाही. ८० टक्क्यांच्या वर गेली आणि काही दिवस तशीच राहिली की ती धरतेच. हा आकडा बाजारातल्या हवेचा नव्हे, ताग्याला चिकटून असलेल्या हवेचा समजावा. फळीच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकलेल्या ताग्यामागे जी हवा अडकते ती खोलीतल्या हवेपेक्षा थंड आणि जास्त दमट असते. ठिपके नेहमी मागच्या बाजूनेच सुरू होतात ते यामुळे.

आता एक हिशेब पाहा. १० फूट बाय १२ फूट, उंची १० फूट, अशा खोलीत साधारण ३४ घनमीटर हवा मावते. पावसाळ्यात त्या सगळ्या हवेत मिळून पाणी असते ते फार तर पाऊण लिटर. आणि त्याच खोलीत हजार किलो सुती माल असेल तर? सुताचा ठरलेला व्यापारी ओलावा साडेआठ टक्के धरतात. म्हणजे हजार किलो कोरड्या सुतात ८५ लिटर पाणी आधीच असते. हवा ९० टक्के दमट झाली की हे प्रमाण १२ टक्क्यांच्या पुढे जाते, म्हणजे आणखी ३५ लिटर पाणी कापड चुपचाप पिऊन बसते. हात लावला तर ओले लागत नाही, फक्त सादळल्यासारखे वाटते. एकदा खोली झाडून-पुसून हवा बदलली म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात घ्यावा. पाणी हवेत कमी आणि मालात जास्त आहे. ते काढायचे तर रोज थोडे-थोडे, महिनाभर काढावे लागते.

खळीचा हा धडा जुना आहे. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात विलायतेला कापूस मिळेना, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी खळीत पीठ आणि चिनी माती भरून कापडाचे वजन वाढवायला सुरुवात केली. तो माल जहाजांच्या पोटात महिनोन्‌महिने राहून हिंदुस्थानच्या बंदरांत उतरला की गासड्यांतून बुरशी निघे. मग त्यावर इलाज म्हणून खळीत झिंक क्लोराइड घालू लागले. वजनाची लबाडी आधी आणि तिच्यावर औषध नंतर.

सीलन आणि नमी

आमच्या घरात बोलताना दोन शब्द वापरतात, सीलन आणि नमी. सीलन म्हणजे भिंतीत चढलेली ओल, नमी म्हणजे हवेतला दमटपणा. मराठीत आपण दोन्हीला ओल म्हणून मोकळे होतो आणि तिथेच गफलत होते, कारण दोहोंचा इलाज वेगळा आहे. कोणती आहे हे ओळखायची सोपी रीत अशी : भिंतीवर हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. प्लॅस्टिकच्या आतल्या अंगाला, भिंतीकडे पाणी जमले तर सीलन. वरच्या अंगाला, खोलीकडे ओल दिसली तर नमी. सीलन असेल तर पन्हाळी दुरुस्त करा, गच्चीची भेग भरा, पायाजवळ पाणी तुंबू देऊ नका. हे न करता कितीही वारा खेळवला तरी फुकट. पुढे जे लिहिले आहे ते नमीबद्दल.

उघडायचे केव्हा?

हवा जितकी गरम तितके जास्त पाणी ती पोटात ठेवू शकते. ३० अंशांची हवा एका घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम पाणी धरते, २० अंशांची सुमारे १७ ग्रॅम. आर्द्रतेचे टक्के म्हणजे किती धरू शकते त्यापैकी किती धरले आहे, एवढेच. म्हणून नुसते टक्के पाहून फसगत होते.

जुलैमधली सकाळ घ्या. बाहेर भुरभुर चालू आहे, तापमान २२ अंश, आर्द्रता ९५ टक्के. आत मालाच्या खोलीत २६ अंश आणि ८२ टक्के. कोणीही म्हणेल, बाहेर ९५ टक्के असताना दार कसले उघडता? पण ती बाहेरची हवा आत येऊन २६ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ७५ टक्क्यांवर येते. म्हणजे ती आतल्यापेक्षा कोरडी आहे. उघडा.

आता दुपार घ्या. पाऊस उघडला, ऊन पडले, बाहेर २८ अंश आणि ७५ टक्के. मन प्रसन्न होते, आपण सगळी कवाडे उघडतो. पण जाड दगडी भिंतीची मागची खोली अजून २५ अंशांवरच आहे. ती ऊबदार हवा आत जाऊन गार झाली की तिची आर्द्रता ८९ टक्क्यांच्या घरात जाते, आणि भिंतीला टेकलेल्या थंड ताग्यापाशी त्याहून वर. माठाच्या अंगावर बाहेरून पाणी सुटते तोच प्रकार. पावसाळ्यातले हे सुंदर ऊन मालाचा घात करते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

ही गोष्ट सर्वांत आधी शिकावी लागली ती जहाजवाल्यांना. तागाच्या, धान्याच्या, कापसाच्या गासड्या घेऊन जाणाऱ्या मालवाहू जहाजावर एक सरळ नियम पाळतात. बाहेरची हवा मालापेक्षा निदान ३ अंशांनी थंड असेल तर पोटातली झाकणे उघडायची, नाही तर बंद. यासाठी फक्त एक तापमापक पुरतो. आपल्या पावसाळ्याला हा नियम चांगला लागू पडतो. एक तापमापक आत मालाजवळ टांगा, एक बाहेर सावलीत. पावसाळ्यात बहुधा पहाटेपासून सकाळी आठ-नऊपर्यंत बाहेरची हवा थंड मिळते. फजरची नमाज पढून येताना दुकान दोन तास उघडे ठेवले तर रोजचे काम तिथेच होते. दुपारी मागची खोली बंदच असू द्या. ऑक्टोबरात पाऊस गेला, कोरडा वारा सुटला की या नियमाची गरज राहत नाही, तेव्हा दिवसभर उघडा.

लहान बोटीकडून घेण्यासारखे

जहाजापेक्षाही कठीण परीक्षा शिडाच्या लहान बोटीतल्या खोलीची असते. चहूबाजूंनी पाणी, आत माणूस, त्याचे ओले कपडे, स्टोव्हची वाफ. एकट्या माणसाच्या श्वासातून आणि घामातून दिवसाला लिटरभर पाणी हवेत जाते. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’ या ५६ फुटी शिडाच्या बोटीवरून कमांडर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० असे नऊ महिने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. एवढ्याशा जागेत इतके महिने काढायचे तर खोली कोरडी ठेवणे ही चैन नसते.

पण खिडकी उघडली तर लाट आत येते. वारा आत घ्यायचा आणि पाणी बाहेर ठेवायचे, हे कोडे १९३० साली अमेरिकेत बांधलेल्या ‘डोरेड’ नावाच्या बोटीवर सुटले. ऑलिन स्टीफन्स यांनी तिची रचना केली होती आणि १९३१ ची अटलांटिक पार करण्याची शर्यत तिने जिंकली. तिच्यावरचे वारा घेण्याचे खोके पुढे जगभर तिच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. खोके अगदी साधे आहे. बोटीच्या पाठीवर एक लाकडी पेटी. पेटीच्या एका टोकाला वर कर्ण्यासारखे तोंड, त्यातून वारा आणि पाणी दोन्ही पेटीत शिरतात. दुसऱ्या टोकाला खोलीत उतरणारी नळी, पण तिचे तोंड पेटीच्या तळापासून चांगले वर उचललेले. पाणी जड, ते तळाशी पडते आणि बाजूच्या भोकातून वाहून जाते. वारा नळीवरून वळसा घेऊन आत उतरतो.

आपल्या गावात पत्र्याचे काम करणारे हुशार कारागीर आहेत. ज्यांच्या मागच्या भिंतीला पावसाची झड लागते त्यांनी अशी पत्र्याची पेटी करून घ्यायला हरकत नाही. आतल्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी मारावी म्हणजे उंदीर-झुरळ येणार नाही. झड लागत नसेल तर खाली तोंड असलेला साधा पत्र्याचा टोप पुरे.

बोटवाल्यांची दुसरी रीत जास्त महत्त्वाची. त्यांच्याकडे वाऱ्याला दोन वाटा असतात, एक यायची आणि एक जायची, आणि दोन्ही समोरासमोरच्या टोकांना. आपण एकाच भिंतीला दोन झरोके पाडतो, वारा एकातून येऊन दुसऱ्यातून निघून जातो आणि मागचा कोपरा तसाच कोंदट राहतो. पुढच्या बाजूला खाली, शटरच्या तळाशी किंवा उंबऱ्याजवळ जाळीची वाट ठेवावी. मागच्या भिंतीला वर, छताखाली, जायची वाट. जुन्या घरांच्या कौलात उजेडी आणि धुराडे ठेवत असत, ते वरच्या वाटेचेच काम करीत. सिमेंटचा स्लॅब टाकताना आपण ते बुजवले. वरच्या वाटेला ९ इंची एक्झॉस्ट पंखा बसवला तर वर सांगितलेल्या खोलीतली हवा काही मिनिटांत बदलते, मात्र खालची वाट उघडी हवी. आत यायला जागा नसेल तर पंखा नुसता घुमतो आणि वीजबिल वाढवतो.

तिसरी रीत : बोटीत कोणतीही वस्तू थेट बाहेरच्या सांगाड्याला टेकवत नाहीत, मध्ये पट्ट्या मारून फट ठेवतात. बिछाना फळीवर नव्हे तर पट्ट्यांवर असतो, कपाटाच्या दारांना खाली-वर भोके असतात. दुकानातही तागे भिंतीपासून तीन-चार बोटे पुढे असावेत. रॅकला सबंध फळीऐवजी पट्ट्या माराव्यात. गासडी जमिनीवर न ठेवता लाकडी फळकुटांवर उचलून ठेवावी. माळ्यावर मालाचा डोंगर न रचता मधून हातभर गल्ली ठेवावी. जागा कमी पडते ही तक्रार खरी आहे. पण जो माल मावतो आणि नासतो तो मावल्याचा उपयोग काय?

प्लॅस्टिक कागदाबद्दल दोन शब्द. धूळ बसू नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर लोक ताग्यांना प्लॅस्टिक गुंडाळून माळ्यावर टाकतात. माल पूर्ण कोरडा असेल आणि तोंड बंद असेल तर ते ठीक आहे. पण मृगाचे दोन पाऊस होऊन गेल्यावर सादळलेला माल प्लॅस्टिकमध्ये बांधला तर ते पाणी आतच कोंडले जाते. गुंडाळायचेच असेल तर मे महिन्यात, उन्हाने तापलेल्या खोलीत गुंडाळा. नंतर जुनी सुती चादर बरी.

डांबराच्या गोळ्या आणि कडुनिंबाचा पाला कसरीसाठी आहेत, ओलाव्यावर त्यांचा काही असर नाही. सिलिका जेलच्या पुड्या बंद डब्यात काम करतात, उघड्या खोलीत त्या टाकणे म्हणजे पंचगंगेत मीठ टाकणे. काही जण कपाटात पिवळा बल्ब लावून ठेवतात. त्याच्या उष्णतेने आर्द्रता घटते हे खरे, पण कापडात तापलेला बल्ब म्हणजे आगीला दावत आहे. एलईडी दिव्याला एवढी उष्णताच नसते. ओलावा शोषणारे यंत्र चांगले, मात्र ते खोली बंद ठेवून चालवायचे. दार उघडे ठेवून चालवणारा सगळ्या हुपरीची हवा वाळवायला निघाला आहे असे समजावे. आर्द्रता दाखवणारे लहानसे मीटर आता काहीशे रुपयांत मिळते. ते खोलीच्या मध्यावर न टांगता सर्वांत मागच्या, खालच्या फळीवर ठेवा.

चांदीवाल्यांसाठी

हुपरी चांदीचे गाव. पैंजण, जोडवी, घुंगरू घरोघर होतात, आणि कापडाचे नियम चांदीला लावले तर नुकसान होईल. चांदी काळी पडते ती बुरशीने नव्हे, हवेतल्या गंधकाच्या वायूने, आणि दमटपणा ते काम जलद करतो. म्हणून कापडाला वारा हवा, चांदीला वारा नको. तयार माल पुरता वाळवून, घट्ट बंद पिशवीत किंवा डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावा. रबर बँड, लोकर आणि वर्तमानपत्राचा कागद चांदीला लागू देऊ नये, या सगळ्यांतून गंधक सुटू शकतो. मखमलीच्या रिकाम्या पेट्या मात्र कापडाच्याच जातीच्या. त्यांचा पुठ्ठा आणि सरस बुरशी आवडीने खाते. पेट्या वाऱ्यावर, चांदी बंद डब्यात, आणि पाठवणीच्या दिवशीच दोन्ही एकत्र.

माल धरलाच तर

ठिपके दिसले तर तागा दुकानात झटकू नये, बीज बाकीच्या मालावर बसते आणि दमेकऱ्याला त्रास होतो. तोंडाला फडके बांधून बाहेर न्यावा, उलगडून उन्हात पुरता वाळवावा, मग कोरड्या ब्रशने झाडावा. ओला असताना घासला तर डाग आत मुरतो, इस्त्री फिरवली तर पक्का होतो. पांढऱ्या सुती मालाला नंतर हायड्रोजन पेरॉक्साइडचे सौम्य पाणी चालते, रंगीत मालावर आधी टोकाला लावून पाहावे. डाग गेला तरी धागा तपासा. काही जातीची बुरशी सूतच खाते, दोन्ही हातांनी ताणले की कापड कागदासारखे फाटते. असा माल शिलाईला देऊ नये.

बाकीचा विकायचा असेल तर वेगळा ठेवून, डाग दाखवून, उतरत्या भावाने विकावा. ओले धान्य ढिगाच्या खाली लपवणाऱ्या व्यापाऱ्याची हदीस आपणा सर्वांना ठाऊक आहे, आणि कापडाच्या घडीतला डाग त्याहून वेगळा नाही.

विम्यावर फार भिस्त ठेवू नका. आग आणि पूर यांच्या पॉलिसीत हळूहळू धरलेल्या ओलीचे नुकसान सहसा बसत नाही. पुराचे पाणी शिरले तर गोष्ट वेगळी, पुराची जोखीम घेतलेली असेल तर तो दावा होतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापूर जिल्ह्यातल्या पुष्कळ दुकानांत पाणी होते. अशा वेळी सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेल्या गासड्या जशाच्या तशा ठेवण्याकडे लोकांचा कल असतो, पण ओल्या सुतावर दोन दिवसांत बुरशी उठू लागते. कंपनीला लगेच कळवावे, प्रत्येक गासडीचे फोटो काढावेत, बिले वेगळी काढून ठेवावीत आणि माल सोडवून वाळत घालण्याची परवानगी त्याच दिवशी लेखी मागून घ्यावी.